पोलिसांना मॅटवर आणा

मा. संपादक महोदय,

गेले काही आठवडे तुमच्या पत्रांच्या पानावर सरळ दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते पोलीस माजलेत, कुणालाही हाणतात, शूटिंग करायला गेलं तर मोबाईल हिसकावून घेतात. दुसरी म्हणते मार खातात ते बिचारे पोलीसच, दारू ढोसून आलेला कोणीही पर्यटक वर्दीला हात घालतो आणि दुसऱ्या दिवशी जामिनावर बाहेर. दोन्हीकडची पत्रं मी वाचली, दोन्हीत तथ्य आहे, पण मधला मुद्दा कोणीच लिहिला नाही म्हणून मी लिहितोय. पत्र लांबेल, जागा नसेल तर शेवटून कापा, मधून कापू नका.

मी फोंड्याला ज्युडो शिकवतो. माझ्याकडची काही पोरंपोरी आज पोलिसात आहेत, कोण आयआरबीत, म्हणजे राखीव बटालियनमध्ये, कोण ठाण्यावर, कोण ट्रॅफिकला. चवथीला घरी आली की भेटायला येतात, चहा होतो आणि मग हळूच विषय निघतो, सर, परवा एकाला धरताना खांदा निखळला. कोणाचा, हे दर वेळी वेगळं असतं, कधी पोलिसाचा कधी समोरच्याचा. माझं सगळं म्हणणं यातूनच आलंय. आपल्या पोलिसाच्या हातांना माणूस ताब्यात घेणं येत नाही, म्हणून तो एकतर मार खातो नाहीतर मारतो, आणि दोन्ही पार्ट्या ज्यावर भांडतायत ते मुळात एकच दुखणं आहे.

मागच्या सीझनला उत्तर गोव्यातल्या एका बाजारात डोळ्यांनी बघितलं ते सांगतो. गाव सांगत नाही, ठाणं सांगत नाही, त्या चौघांच्या नोकरीवर मला यायचं नाही. एक पर्यटक, चांगला आडदांड, अंगात शर्ट नाही, फुल्ल प्यालेला, एका फळवालीच्या टोपल्या लाथाडत होता. चार पोलीस आले. सुरुवात बरी झाली, चलो साब, चलो वगैरे. मग एकाने त्याचं मनगट धरलं. घाम आणि अंगाला फासलेलं तेल, मनगट सटकलं, माणूस चिडला. मग चौघांनी मिळेल तो अवयव धरला आणि मिळेल त्या दिशेला ओढायला लागले, म्हणजे एक जो हात पुढे खेचतोय तोच दुसरा मागे पिरगाळतोय. आणि चौघं एकदम ओरडतायत, एक म्हणतो नीचे बैठ, एक म्हणतो उठ, एक म्हणतो गाडीत घाला, तो माणूस शुद्धीवर असता तरी कोणाचं ऐकलं असतं? या झटापटीत एका शिपायाच्या तोंडावर कोपर बसलं, ओठ फाटला, आणि तिथून सगळं फिरलं. लाठी निघाली. पहिली मांडीवर, दुसरी पाठीवर, तिसरी कानाजवळ. मग खाली पालथा, दोघं पाठीवर, एकाचा गुडघा मानेपाशी, आणि भोवती सगळे मोबाईल वर करून उभे. संध्याकाळपर्यंत व्हिडिओ गोवाभर फिरला, त्यात टोपल्या नव्हत्या आणि कोपरही नव्हतं.

लोक म्हणाले किती हा राग. मला विचाराल तर राग नंतर आला, आधी आली ती घाबरगुंडी. चार जण असून एक आवरत नाही आणि वर शंभर लोक बघतायत, शरम आणि भीती दोन्ही एकदम. अशा वेळी हाताला जे येतं तेच बाहेर पडतं, आणि हाताला लाठीशिवाय काही येतच नसेल तर लाठीच निघणार.

हेच दोघांना जमतं, चार लागत नाहीत. नुसत्या मनगटाच्या मागे लागायचं नाही, कोपराच्या वर धरायचं, तिथून हात सहज सुटत नाही. एकाने उजवा हात घ्यायचा एकाने डावा, एक पंजा मनगटावर एक कोपरावर, आणि तो हात आपल्या छातीला लावून ठेवायचा, लांब धरून ओढायचा नाही. दोघांनी एकाच दिशेला एक पाऊल टाकलं की कितीही जाडा माणूस असो पुढे झुकतो. बोलायचं एकाने, दुसऱ्याने तोंड बंद ठेवून आजूबाजूला बघायचं, त्याचे मित्र कुठायत, हातात बाटली कोणाच्या आहे. खाली घ्यावंच लागलं तर डोकं आपटणार नाही असं उतरवायचं, गुडघा टेकायचा तो खांद्याच्या पात्यावर, मानेवर नाही, बेडी घालायची आणि लगेच कुशीवर वळवून बसता करायचा. सांगायला दोन मिनिटं लागतात. अंगात मुरायला महिने लागतात आणि सोडून दिलं की विसरायला त्याहून कमी, हे मी माझ्याच पोरांत बघतो, बारावीच्या वर्षाला गॅप घेतलेला पोरगा परत येतो तेव्हा साधं पडणंसुद्धा विसरलेला असतो.

ते लगेच कुशीवर वळवणं मी मुद्दाम लिहिलंय. पालथा माणूस, हात मागे बांधलेले, पाठीवर वजन, त्यात तो जाडा किंवा प्यालेला असेल तर छाती फुगायला जागाच राहत नाही. गुदमरतो म्हणून धडपडतो, पोलिसांना वाटतं अजून मस्ती उतरली नाही म्हणून आणखी दाबतात. अमेरिकेच्या न्याय खात्याने यावर १९९५ मध्येच पत्रक काढून सांगितलं होतं की बेडी घातली की माणसाला पोटावरून उठवा. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, २५ मे २०२० ला, अमेरिकेतल्याच मिनियापोलिसमध्ये पोलिसांच्या ताब्यात मेलेल्या जॉर्ज फ्लॉईडच्या मानेवर गुडघा होता तो ९ मिनिटं २९ सेकंद, आणि तो गुडघा नवशिक्याचा नव्हता, एकोणीस वर्षं नोकरी झालेल्या पोलिसाचा होता. खटल्यात त्याच्याच खात्याच्या ट्रेनिंगवाल्यांनी साक्ष दिली की असं आम्ही शिकवत नाही. आणि दुसरा एक गैरसमज, श्वास येत नाही म्हणून ओरडतोय म्हणजे श्वास येतोय, नाटक करतोय. तसं नसतं. दोन शब्द बोलण्याइतकी हवा आत असते तेव्हाही माणूस गुदमरत असतो.

गळा दाबायचे प्रकार तर पोलिसांना शिकवूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि हे मी ज्युडोवाला असून म्हणतोय. आमच्यात गळ्याचे डाव आहेत, मानेच्या दोन्ही बाजूच्या रक्तवाहिन्या दाबल्या तर माणूस दहाएक सेकंदांत बेशुद्ध पडू शकतो. पण मॅटवर समोरचा सोड म्हणून हाताने थाप देतो, पंच असतो, मी उभा असतो. रस्त्यावर थाप कोण ऐकणार? कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये कायदा करून पोलिसांचे हे प्रकार बंदच केले.

आता कायदा. लोकांना वाटतं पोलिसांना हात लावायचा हक्कच नाही आणि काही पोलिसांना वाटतं सगळाच हक्क आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे अटक-तपास कसा करायचा त्याचा कायदा, लागू आहे, तिच्या कलम ४३ मध्ये सरळ लिहिलंय की अटकेला माणूस जोर लावून विरोध करत असेल तर अटक करण्यासाठी लागतील ती सगळी साधनं वापरता येतात. त्याच्याच पुढे कलम ४६ म्हणतं की पळून जाऊ नये यासाठी लागेल तेवढंच बंधन, त्याहून जास्त नाही. जुन्या कायद्यातही हे होतंच, फक्त नंबर ४६ आणि ४९ होते. बेडीचं पण तसंच, १९८० मध्ये प्रेम शंकर शुक्ला खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बेडी सरसकट घालायची नाही, कारण लागतं, आता नवीन संहितेत कुठल्या गुन्ह्यांना घालता येते त्याची यादीच दिलीय, खून, बलात्कार, ड्रग्ज, सराईत गुन्हेगार, कोठडीतून पळालेला वगैरे. म्हणजे बाजारातल्या त्या टोपल्या लाथाडणाऱ्याला बेडी घालायची की नाही हा प्रश्न त्या शिपायाला तिथल्या तिथे, उन्हात, फाटक्या ओठाने सोडवायचाय. तो पुस्तकातून कसा सुटेल, त्याची रंगीत तालीम करावी लागते, एकाने दारुड्या व्हायचं, एकाने त्याची बायको, एकाने शूटिंग करणारा, आणि साहेबांनी बाजूला उभं राहून शेवटी विचारायचं, का धरलास, का सोडलास, इथं का थांबला नाहीस.

बेडीचं निघालंच आहे तर सांगतो, बेडी घालणं ही कला आहे. मनगट आणि बेडी यात एक बोट जायला हवं आणि नंतर तिचं दुसरं लॉक लावायला हवं, नाहीतर माणूस गाडीत बसला की बेडी दाबून आणखी घट्ट होते आणि अंगठ्याकडची नस दबून हात कित्येक दिवस बधिर राहतो. माझ्या एका पोराला मी विचारलं तुम्ही दुसरं लॉक लावता का, तो म्हणाला सर, चावी कोणाकडे असते तेच आधी माहीत नसतं. हसलो आम्ही, पण हसण्यासारखं नाही ते.

लाठीबद्दल थोडं. जमाव बेकायदेशीर ठरवून पांगायला सांगायचा अधिकार त्याच संहितेच्या कलम १४८ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याला किंवा ठाण्याच्या प्रमुखाला, तो नसेल तर कमीत कमी उपनिरीक्षकाला. शिपाई स्वतःच्या मनाने लाठीमार सुरू करू शकत नाही, आधी इशारा, पांगायला वेळ, आणि मग फटका तो कमरेखाली. हे ड्रिलमध्ये शिकवतात, मान्य. पण ड्रिल रांगेत होतं आणि गर्दी रांगेत येत नाही. आपल्याकडची गर्दी तर बहुतेक वेळा दंगेखोर नसतेच, जत्रेची असते, चर्चच्या फेस्ताची असते, कार्निव्हल-शिगम्याची असते. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराईच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली, माणसं गेली, तिथं लाठीचा काय उपयोग होता? अशा गर्दीत लाठी दिसली की लोक मागे रेटतात आणि मागे उतार असेल, अरुंद वाट असेल तर संपलंच. गर्दी कुठे दाटली ते वेळेवर ओळखणं, वाट मोकळी करणं, शांत आवाजात सांगणं, पडलेल्याला उचलायला जागा करणं, हेही मी ट्रेनिंगमध्येच धरतो, आणि खरं तर गोव्यात याचीच गरज जास्त.

तुम्ही म्हणाल वाळपईला ट्रेनिंग स्कूल आहे की. आहे, आणि तिथं अनआर्म्ड कॉम्बॅट, म्हणजे शस्त्राशिवाय लढणं, शिकवतात, सगळे त्याला यूएसी म्हणतात. पासिंग आऊट परेडला त्याचं प्रात्यक्षिक पण होतं, आईवडील टाळ्या वाजवतात. माझी तक्रार तिथली नाहीच, त्यानंतरची आहे. माझ्याकडे येणारी पोरं सांगतात की ठाण्यावर गेलं की बंदोबस्त, नाकाबंदी, समन्स, व्हीआयपी, परत बंदोबस्त, आणि रॉबर्ट म्हणतात त्या गस्तीच्या गाडीत बसून रात्रपाळी. मॅटवर पाय पडत नाही. पोट सुटतं, गुडघे जातात, आणि वाळपईत शिकलेला तो डाव वीस वर्षांनी एखाद्या बीचवर रात्री दोन वाजता आठवायचा. भरतीला आपण धावणं, उड्या, गोळाफेक बघतो. गोळाफेक! रस्त्यावर कोणता पोलीस गोळा फेकतो हे मला आजवर कळलेलं नाही.

जपानमध्ये पोलीस ज्युडो किंवा केंदो, म्हणजे बांबूच्या तलवारीचा खेळ, करतातच, मोठ्या पोलीस ठाण्यात दोजो, म्हणजे सरावाचा हॉल, असतो. आमच्या ज्युडोला सुरुवातीच्या काळात टोकियोच्या पोलिसांनीच उचलून धरलं होतं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी ज्युडो, केंदो आणि बाकीच्यातून निवडून अटकेसाठीच वेगळी पद्धत बसवली, तैहो-जुत्सू. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मारिएटा नावाच्या लहान शहराने २०१९ पासून नव्या पोलिसांना ब्राझिलियन जिउ-जित्सू, म्हणजे ज्युडोतूनच निघालेली जमिनीवरची झुंज, सक्तीचं केलं, आणि त्यांचं म्हणणं असं की पोलिसांना होणाऱ्या जखमाही कमी झाल्या आणि आरोपींच्या पण. ते त्यांचे स्वतःचे आकडे, शहर लहान, म्हणून मी त्यावर फार उडी मारणार नाही. अमेरिकेतल्याच लुईव्हिल शहराचा अभ्यास त्याहून भक्कम आहे, तिथे विद्यापीठाच्या लोकांनी मोजलं. आयकॅट नावाचं ट्रेनिंग, त्यात डावपेच कमी, अंतर ठेवणं, आडोसा घेणं, वेळ काढणं, बोलणं हे जास्त. त्यानंतर बळाचा वापर २८ टक्के कमी झाला, नागरिकांच्या जखमा २६ टक्के आणि पोलिसांच्या ३६ टक्के. बघा, सगळ्यात जास्त फायदा पोलिसांचाच झाला, हे जे लोक म्हणतात ना की असल्या ट्रेनिंगने पोलीस मऊ पडतील त्यांच्यासाठी लिहिलंय. आता पूर्ण खरं सांगायचं तर त्याच लुईव्हिलमध्ये २०२० मध्ये ब्रिओना टेलर स्वतःच्या घरात पोलिसांच्या गोळीने मेली आणि २०२३ मध्ये न्याय खात्याने त्या पोलीस दलावर जादा बळाचा ठपका ठेवला. तर ट्रेनिंग दिलं की सगळं सुधारलं असं नाही, वरचे साहेब काय खपवून घेतात ते पण बघावं लागतं.

अंतरावरून आठवलं. सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये लिहिलं होतं की चाकू घेतलेला साधा माणूस २१ फूट अंतर दीडेक सेकंदात कापतो. पुढे अमेरिकेत बऱ्याच जणांनी त्याचा अर्थ काढला की २१ फुटांच्या आत चाकूवाला आला की गोळी घालायला मोकळे. खरा धडा उलटा होता, की अंतर वाढवा, मधे काहीतरी ठेवा. आपल्या बहुतेक शिपायांकडे तर पिस्तूल नसतंच, लाठी आणि शिट्टी, मग सुरा घेतलेल्या वेड्यासमोर एकटा शिपाई छाती काढून पुढे जातो आणि आपण पेपरात त्याला शूर म्हणतो. मधे टेबल घे, गाडीचं दार घे, त्याच्याशी बोलत राहा, दुसरी गाडी येऊ दे, एवढं त्याला कोणी शिकवलं असतं तर शूर व्हायची वेळच आली नसती.

आता माझ्यावर हमखास येणारा आरोप, की कोठडीत मारतात ते काय ट्रेनिंग नाही म्हणून मारतात? अजिबात नाही. बेडी घातलेल्या, लॉकअपमध्ये बसवलेल्या माणसाला मारणं हा गुन्हा आहे, कबुलीसाठी मारलं तर भारतीय न्याय संहितेच्या, म्हणजे गुन्हे आणि शिक्षेच्या नव्या कायद्याच्या, कलम १२० खाली येतं, आणि त्यावर औषध ज्युडो नाही, कॅमेरे आणि खटला आहे. सुप्रीम कोर्टाचा डी. के. बसू निकाल १९९६ चा, अटक केलेल्या माणसाच्या अंगावरच्या जखमा नोंदवा, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी करा, अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसू दे, सगळं त्यात आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात त्याच कोर्टाने प्रत्येक पोलीस ठाण्यात लॉकअपसकट सीसीटीव्ही लावायला सांगितलं. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग निकालानंतर आलेलं पोलीस तक्रार प्राधिकरण गोव्यात पण आहे, किती लोकांना माहीत आहे देव जाणे. ते सगळं हवंच, त्याच्या जागी ट्रेनिंग द्या असं मी म्हणतच नाही. पण एक फरक पडतो. आज प्रत्येक मारहाणीनंतर पोलिसाचं ठरलेलं उत्तर असतं, अटकेच्या वेळी झटापट झाली, त्यात लागलं. ज्याला नीट धरायला शिकवलंय, ज्याची हजेरी रजिस्टरवर आहे, त्याला हे उत्तर देता येणार नाही, त्याला विचारता येईल की खांद्याचं पातं शिकवलं होतं, मग कानामागे कसं लागलं?

आणि बाऊन्सर. पोलिसांचं निदान रजिस्टर असतं, क्लबच्या दारातल्या काळ्या टी-शर्टवाल्याचं काय? त्यांच्यासाठी २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सीचा कायदा आहे, केंद्राच्या २००६ च्या मॉडेल नियमांत सुरक्षारक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास फिल्डवर, किमान २० कामाच्या दिवसांत असं ट्रेनिंग लिहिलं होतं. माझ्याकडे अशी पोरं येतात, सर, जिमचं शरीर आहे, पुढच्या आठवड्यात जॉईन होतोय, दोन पंच शिकवा. मी परत पाठवतो. हा विषय वेगळ्या पत्राचा आहे, सोडतो.

मागणी काय ती लिहितो. पावसाळ्यात, जूनपासून चवथीपर्यंत, किनारा थंड असतो, शॅक उतरलेले, इफ्फीचा चित्रपट महोत्सव नाही, डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त लांब, थर्टी फर्स्ट लांब. तेव्हा प्रत्येक ठाण्याने आपली माणसं आळीपाळीने मॅटवर पाठवावीत. जागा आहेत, पेडेला आहे, फर्मागुडीला आहे, फातोर्ड्याला आहे, २०२३ मध्ये नॅशनल गेम्स आपल्याकडेच झाले ना, मॅट काय आकाशातून पडली नव्हती. उरलेलं वर्ष महिन्याला दोन तास, ड्युटीतलेच, सुट्टीच्या दिवशी बोलावलंत तर कोणी येणार नाही आणि येऊ पण नये. पंचेचाळीशीच्या पुढच्या हवालदाराला उलटून पाडायचं नाही, त्याला बोलणं आणि उभं राहणं शिकवा, तो त्यात तरुणांपेक्षा चांगला असतो, त्यालाच शिकवायला लावा. महिला कॉन्स्टेबलना वेगळ्या कोपऱ्यात नेऊन लुटुपुटीचं काही शिकवू नका, त्यांना पण त्याच आडदांड माणसाला धरायचंय, माझ्याकडच्या पन्नास किलोच्या पोरी ऐंशी किलोच्या पोरांना उचलतात. श्वास बंद पडलेल्याला छाती दाबून परत कसा आणायचा ते शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येक वेळी.

आणि एक कागद. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २०१७ पासून पोलिसाने बळ वापरलं की नोंद करावी लागते, का वापरलं, काय वापरलं, कोणाला लागलं, बेडी घातली तरी नोंद, आणि ते आकडे सरकार जाहीर करतं. आपल्याकडे पानभराचा फॉर्म पुरे. त्यातून पोलीसच वाचतील, कारण मोबाईलवाल्याचा व्हिडिओ कोपर लागल्यानंतर सुरू होतो, फॉर्म टोपल्यांपासून सुरू होईल.

खर्चाचं म्हणाल तर मॅट एकदा घेतली की वर्षानुवर्षं टिकते, शिकवणारे गोव्यात भरपूर आहेत, ज्युडोवाले आहेत, कुस्तीवाले आहेत, निवृत्त फौजी आहेत, मी माझ्या तालुक्यापुरता फुकट येईन, हे लेखी देतो.

शेवटी तुमच्याकडे एक काम. तुमचे विधानसभेचे वार्ताहर अधिवेशनात रोज बसतात, एखाद्या आमदाराच्या कानावर एवढा प्रश्न घालायला सांगा, की वाळपईतून बाहेर पडल्यावर गोव्याच्या शिपायाला यूएसीचे वर्षाला किती तास मिळतात आणि गेल्या पाच वर्षांत अटक करताना किती पोलीस आणि किती आरोपी जखमी झाले. प्रश्न लागला तर उत्तर छापा. नाही लागला तर आरटीआयचा अर्ज मी लिहून ठेवलाच आहे, दहा रुपयांचा स्टॅम्प तेवढा लावायचा बाकी आहे.

आपला,
एक ज्युडो शिक्षक, फोंडा